वही तपासणार कोण?

"मॅडम, पोरगं लई हुशार आहे. एकदा ऐकलं की पाठ. त्याला आता ब्रेल कशाला? मोबाईल बोलतो की सगळं!"

जिल्हा परिषदेच्या एका शाळेतल्या मुख्याध्यापकांनी मला हे सांगितलं, तेव्हा त्यात तिरकसपणा अजिबात नव्हता. त्या मुलाचं त्यांना खरंच कौतुक होतं. मुलगा सहावीतला, जन्मापासून न दिसणारा. त्याने इतिहासाचा अख्खा धडा मला न अडखळता म्हणून दाखवला. मग मी विचारलं, "'मला माहीत नाही' यात शब्द किती, सांग बरं." तो जरा वेळ गप्प बसला आणि हळूच म्हणाला, "एक?"

सहा वर्षं शाळेत जाणाऱ्या मुलाला शब्द कुठे संपतो ते ठाऊक नव्हतं. चूक त्याची नव्हती. आपण बोलतो तेव्हा शब्द एकमेकांना चिकटूनच बाहेर पडतात. दोन शब्दांमधली मोकळी जागा कानाला ऐकू येत नाही. ती डोळ्यांना दिसते, नाहीतर बोटांना लागते. याच्या बोटांखाली कोणी कधी काही ठेवलंच नव्हतं. गुणपत्रकावर मात्र सगळ्या विषयांत चांगले गुण, कारण परीक्षेत हा सांगायचा आणि लेखनिक लिहायचा. शुद्धलेखन लेखनिकाचं, शब्दांमधल्या जागा लेखनिकाच्या, स्वल्पविरामही लेखनिकाचे.

अंध मुलांना शिकवते आहे त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. आधी निवासी अंधशाळेत होते, नंतर फिरती शिक्षिका म्हणून गावोगावच्या साध्या शाळांत जाऊ लागले. या काळात खूप काही चांगलं घडलं. कायदे आले, फोन बोलू लागला, अंध मुलं-मुली बँकांत, महाविद्यालयांत, सरकारी कचेऱ्यांत नोकऱ्या करू लागली. तरीही माझ्या डोळ्यांदेखत एक गोष्ट निसटत चालली आहे आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. अंध मुलाला ज्याच्याकडून अक्षर शिकता येईल, असा शिक्षक त्याच्या आसपास उरलेला नाही. कागदावर 'विशेष शिक्षक' आहे. ब्रेल शिकवणारा नाही.

आपल्याकडे ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती शाळाशाळांत होते. दुसऱ्याच दिवशी, ४ जानेवारीला, लुई ब्रेलचा जन्मदिवस असतो. साध्या शाळांत तो कोणाला आठवत नाही, आणि अंधशाळांत आठवतो तो लिपीचा जनक म्हणून. पण हा माणूस पेशाने शिक्षक होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. १८०९ साली पॅरिसजवळच्या कूप्रे गावात खोगीर बनवणाऱ्याच्या घरी जन्म, तिसऱ्या वर्षी वडिलांच्या आरीने डोळा दुखावला, जखम चिघळून दोन्ही डोळे गेले. दहाव्या वर्षी पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत आला, आणि त्याच शाळेत शिकवत त्याचं उरलेलं आयुष्य गेलं. १८३३ मध्ये तो तिथे रीतसर शिक्षक झाला. क्षयाने पोखरलेल्या शरीरानिशी व्याकरण, भूगोल, गणित, संगीत शिकवत राहिला. नवशिक्या मुलांसाठी अंकगणिताची छोटी पुस्तिका त्याने १८३८ मध्ये काढली. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, जानेवारी १८५२ मध्ये, तो गेला.

तो विद्यार्थी होता तेव्हा त्या शाळेत वाचायला पुस्तकं होती. शाळेचे संस्थापक व्हालांतँ आवी यांनी नेहमीचीच रोमन अक्षरं जाड कागदावर उठावात छापण्याची पद्धत आणली होती. पुस्तकं अवजड, आणि एकेक अक्षर बोटाने चाचपत वाचायला फार वेळ लागायचा. त्याहून मोठी अडचण अशी की मुलांना स्वतःला तसं लिहिता येत नव्हतं. वाचणं जेमतेम आणि लिहिणं शून्य, असं ते शिक्षण. शार्ल बार्बिये नावाच्या सैन्यातल्या एका अधिकाऱ्याने उठावाच्या ठिपक्यांची, बारा ठिपक्यांपर्यंत जाणारी एक लिपी तयार केली होती. ती बोटाच्या एका पेराखाली मावत नव्हती आणि उच्चार दाखवायची, वर्णलेखन नाही. ब्रेलने पंधराव्या वर्षापर्यंत ती सहा ठिपक्यांवर आणली. सहा ठिपक्यांच्या त्रेसष्ट रचना होतात. अक्षरं, अंक, विरामचिन्हं, संगीताचे स्वर, सगळं त्यात बसलं. १८२९ मध्ये पद्धत छापून प्रसिद्ध झाली. मुलांनी ती लगेच उचलली.

आणि १८४० मध्ये नव्या संचालकांनी, द्युफो यांनी, ती बंद केली.

हा प्रसंग मी नव्या शिक्षकांना नेहमी सांगते. द्युफो दुष्ट माणूस नव्हता. त्याचं म्हणणं असं होतं की अंधांची लिपी डोळसांच्या लिपीहून वेगळी असली तर अंध मुलं समाजापासून तुटतील, म्हणून सगळ्यांची जी अक्षरं तीच त्यांनाही हवीत. ऐकायला किती पटण्यासारखं! आजच्या भाषेत आपण यालाच समावेशन म्हणू. पण ती अक्षरं सोयीची होती डोळस शिक्षकाला. त्याला नवं काही शिकावं लागत नव्हतं. मुलांच्या बोटांना काय हवं हे मुलांना विचारलंच गेलं नाही. मुलं चोरून ठिपके टोचत राहिली. शेवटी द्युफो यांचेच सहायक गादे यांनी त्यांचं मन वळवलं. १८४४ मध्ये शाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं, तेव्हा लोकांसमोर एका मुलाला मजकूर सांगून ठिपक्यांत लिहून घेतला आणि तो सांगताना खोलीत नसलेल्या दुसऱ्या मुलाकडून वाचून घेतला. फ्रान्समध्ये अधिकृत मान्यता मिळायला मात्र १८५४ साल उजाडलं. तोवर ब्रेलला जाऊन दोन वर्षं झाली होती.

"मोबाईल बोलतो की सगळं" हे वाक्य ऐकलं की मला १८४० आठवतं. यातही सोय डोळसांचीच आहे. मुलाच्या हातात फोन दिला की कोणाला ब्रेल शिकावं लागत नाही, ब्रेल पुस्तक मागवावं लागत नाही, उत्तरपत्रिका ब्रेलमध्ये तपासावी लागत नाही.

फोनला माझा विरोध नाही. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या आयुष्यात स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने, जो फरक पडला तो मी जवळून पाहिला आहे. एनव्हीडीएसारखं मोफत सॉफ्टवेअर नसतं तर त्यातल्या कितीतरी जणांना नोकरीत टिकता आलं नसतं. मोठ्या माणसाला दिवसाकाठी पन्नास पानं संपवायची असतील तर ती ऐकूनच संपतील. पण त्या सगळ्यांनी आधी लहानपणी ब्रेल शिकलं होतं, ही गोष्ट आपण विसरतो. ऐकताना त्यांच्या मनात शब्द उमटतो, कारण तो शब्द त्यांच्या बोटांनी कधीतरी वाचलेला असतो. ज्याने कधी वाचलंच नाही, त्याच्या मनात काय उमटणार?

मराठीपुरतं बोलायचं तर हा प्रश्न आणखी बिकट होतो. 'दिन' आणि 'दीन', 'शिर' आणि 'शीर', 'सुत' आणि 'सूत' हे आपण उच्चारतो सारखेच. यंत्राचा आवाजही सारखेच उच्चारतो. डोळस मूल ऱ्हस्व-दीर्घ शिकतं ते पाहून, पुन्हा पुन्हा पाहून. शेकडो वेळा नजरेखालून गेलेला 'दिवस' त्याच्या हातून बहुतेक वेळा बरोबर उमटतो, नियम आठवो न आठवो. ब्रेलमध्ये ऱ्हस्व इ म्हणजे दोन आणि चार हे ठिपके, दीर्घ ई म्हणजे तीन आणि पाच. बोटाला फरक चटकन कळतो. छापील अक्षरात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते, ब्रेलमध्ये आपण बोलतो त्या क्रमाने नंतर. जोडाक्षर येणार असेल तर आधी एकटा चौथा ठिपका लागतो आणि बोट सावध होतं. 'ळ'ला स्वतःची खूण आहे, 'क्ष' आणि 'ज्ञ' यांनाही आहे. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरलं, त्याआधी आपल्या देशात वेगवेगळ्या ब्रेल पद्धती एकाच वेळी चालू होत्या. तो गोंधळ मिटवून भारतीय भाषांना एकाच पायावर आणणाऱ्या लोकांनी केवढं मोठं काम करून ठेवलं आहे! आणि आता ते शिकवायला माणूस नाही म्हणून मुलं निव्वळ कानांवर राहिली आहेत.

गणिताची तर दशाच आहे. "अ अधिक ब भागिले क" असं मी मोठ्याने म्हटलं तर भागायचं कशाला? नुसत्या ब ला, की अ आणि ब यांच्या बेरजेला? ऐकणाऱ्याला कळायचा मार्ग नाही. पाहणारा एका नजरेत सांगतो, ब्रेल वाचणारा बोट फिरवून सांगतो. अब्राहम नेमेथ या अमेरिकेतल्या अंध गणिताच्या प्राध्यापकाने याच अडचणीपोटी गणिताचं वेगळं ब्रेल रचलं. आमच्या अंधशाळेत आकडेमोड टेलर फ्रेमवर चालायची. खाचांमधून शिशाचे खिळे बसवत मुलं मोठमोठे गुणाकार करायची. आता साध्या शाळेत गेले की ऐकू येतं, "याला गणितात सवलत आहे, मॅडम." त्या सवलतीमागे दया असते आणि शिकवता येत नसल्याची अडचणही असते. मुलाला मात्र एवढंच समजतं की गणित आपलं नाही. पुढे विज्ञानाचा, वाणिज्याचा, संगणकाचा रस्ता तिथेच बंद होतो.

यावर कोणी म्हणेल की मग मुलांना पुन्हा अंधशाळेत पाठवा. नाही. सहा वर्षांच्या लेकराला आईपासून दीडशे किलोमीटरवर नेऊन ठेवण्याचं दुःख मी वसतिगृहात रात्री-रात्री पाहिलं आहे. पहिले पंधरा दिवस त्या खोल्यांतून झोपेतलं रडणं ऐकू यायचं. आपल्या गावातल्या शाळेत, आपल्या भावंडांबरोबर शिकण्याचा हक्क त्या मुलाचा आहेच. पण अंधशाळेतून मूल बाहेर काढताना आपण तिथलं एक काहीतरी बरोबर न्यायला हवं होतं, ते म्हणजे तिथली शिक्षक मंडळी. १८८७ मध्ये ॲनी शार्प यांनी अमृतसरला अंधशाळा काढली, १९०० मध्ये ॲना मिलार्ड यांनी मुंबईत काढली, तिथपासून शंभराहून अधिक वर्षं शिक्षकांनी हे कसब हाताने हाताला दिलं. अंड्यांच्या ट्रेमधल्या सहा खळग्यांत गोट्या ठेवून अक्षर ओळखायला शिकवणं. मूग आणि तूर निवडायला लावून बोटांची टोकं जागी करणं. ब्रेल पाटीवर उजवीकडून डावीकडे उलटं टोचायचं आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचं, हे सहा वर्षांच्या डोक्यात गोंधळ न होता कसं बसवायचं. पावसाळ्यात कागद सादळतो, ठिपके बसतात, मग वही कुठे ठेवायची. ही सगळी शिदोरी आहे. मूल गावी गेलं, शिदोरी अंधशाळेतच राहिली.

माझं स्वतःचं सांगते. मी डोळस. बहुतेक डोळस शिक्षक वाचतात तशी मीही ब्रेल डोळ्यांनी वाचते, कागदावर पडलेल्या सावल्या बघत. पहिल्या वर्षी मी मुलांना एका बोटाने वाचायला शिकवत होते. शेजारच्या वर्गातल्या माझ्या सहकारी अंध होत्या. एक दिवस त्यांनी माझे दोन्ही हात धरून कागदावर ठेवले. उजवा हात ओळ संपवत असतानाच डावा पुढच्या ओळीची सुरुवात शोधून ठेवतो, हे त्यांनी मला हातांनीच दाखवलं. माझ्या पदविकेच्या पुस्तकात ते वाचलं असणार, पण मला कळलं ते त्या दिवशी. वर्गात मुलं त्यांना वेगळेच प्रश्न विचारायची. "बाई, तुम्ही एकट्या बसमध्ये चढता?" "बाई, भाकरी कशी थापता?" माझ्याकडून ती उत्तरं मिळणार नव्हती. अंध शिक्षक वर्गात असण्याची किंमत मला तिथे समजली, आणि नव्या भरतीत त्यांना शोधून शोधून घ्यायला हवं असं मी म्हणते ते यामुळेच.

आता कागदाकडे वळते. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा शिक्षकांबद्दल बोलताना मोघम बोलत नाही. सांकेतिक भाषा आणि ब्रेल येणारे शिक्षक, त्यात दिव्यांग शिक्षकही, आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलेले शिक्षक, असा वेगवेगळा उल्लेख त्यात आहे. पुढे अंमलबजावणीत मात्र हे सगळे एका शब्दात कोंबले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडेय यांच्या प्रकरणात विशेष शिक्षकांच्या नेमणुकांबद्दल सरकारांना जागं केलं. त्यानंतर २०२२ मध्ये शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रमाण आलं: पहिली ते पाचवीला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, सहावी ते आठवीला पंधरा मुलांमागे एक. आपल्या राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटासाठी, ४,८६० विशेष शिक्षक पदांना मंजुरी दिली. वर्षानुवर्षं करारावर, तुटपुंज्या मानधनात गावोगाव फिरणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे आणि मला तिचा मनापासून आनंद झाला.

पण ती दहा मुलं डोळ्यांसमोर आणा. त्यांत चार बौद्धिक अक्षमता असलेली, दोन कर्णबधिर, एक सेरेब्रल पाल्सी असलेलं, एक स्वमग्न, एक अल्पदृष्टी आणि एक पूर्ण अंध. या दहांना एकच शिक्षक. त्याने पदविका घेतली असेल ती यांतल्या एखाद्याच प्रकाराची, कारण विशेष शिक्षकांचं प्रशिक्षण ठरवणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेचे अभ्यासक्रम प्रकारानुसार वेगळे असतात. आपण हाडांच्या डॉक्टरकडे डोळ्याची शस्त्रक्रिया सोपवत नाही. पण बौद्धिक अक्षमतेचं शिक्षण घेतलेल्या, त्या कामात निष्णात असलेल्या शिक्षिकेकडे अंध मूल सोपवतो आणि तिला ब्रेल येत नाही म्हणून तीच बिचारी मनात खंतावते. अंध मुलं संख्येने थोडी, विखुरलेली, एका केंद्रात एखादं. सरासरीत ते मूल नेहमीच बुडणार.

म्हणून माझं मागणं केंद्राच्या हिशेबाबाहेरचं आहे. प्रत्येक तालुक्यात निदान एक शिक्षक असा असावा, ज्याचं मुख्य काम ब्रेल आणि पांढऱ्या काठीने फिरणं शिकवणं हेच असेल. त्याच्याकडे फक्त अंध आणि अल्पदृष्टी मुलं असावीत, मग ती सहा असोत की सोळा. पहिल्या तीन वर्षांत प्रत्येक अंध मुलाला रोज ब्रेलचा तास मिळावा. आठवड्यातून एकदा येणाऱ्या बाईकडून कोणतं मूल बाराखडी शिकतं? डोळस मुलासाठी आपण हे कधी चालवून घेऊ का? जिथे रोज जाणं शक्य नाही तिथे वर्गशिक्षकाला ब्रेल शिकवावं. डोळ्यांनी वाचण्यापुरतं मराठी ब्रेल महिनाभरात येतं, मी कितीतरी जणांना शिकवलं आहे. आणि नेमणुकीच्या वेळी ब्रेलची परीक्षा हाताने टोचून, वाचून घ्यावी. पदविका पंधरा वर्षांपूर्वीची, त्यानंतर पाटी हातात घेतलेली नाही, असे शिक्षक मी पाहिले आहेत. न वापरलेलं ब्रेल विसरतं.

खर्चाचा मुद्दा निघेल. ब्रेल पाटी आणि टोचणी ही फार महागडी वस्तू नाही. शिक्षकाचा पगार लागतो, आणि तो पगार आपण अजूनही मनातून शिक्षणखर्चात धरत नाही. अंधशाळा वर्षानुवर्षं शिक्षण खात्याकडे नव्हत्या, समाजकल्याणाकडे होत्या; २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला. नाव बदललं तरी 'कल्याण' राहिलंच. अंध मुलांच्या शिक्षिकेला लोक भेटतात तेव्हा हात जोडतात. "तुम्ही फार पुण्याचं काम करता." मला त्यांच्या भावनेबद्दल आदर आहे. पण पुण्याच्या कामाला कोणी हजेरी मागत नाही, निकाल मागत नाही, कौशल्य तपासत नाही. गणिताच्या शिक्षकाला गणित येतं का, हे पालक विचारतात. माझ्या अठ्ठावीस वर्षांत मला एकाही पालकाने विचारलं नाही, "बाई, तुम्हाला ब्रेल किती वेगाने वाचता येतं?" त्यांनी विचारायला हवं होतं.

ब्रेल शिकून करणार काय, वाचायला काही आहे का, हाही प्रश्न येतो. आहे. २००८ पासून 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक स्वागत थोरात यांनी चालवलं, आणि ते हातात आलं की मोठ्या वयाच्या मुलांमध्ये आधी कोणी वाचायचं यावरून ओढाताण व्हायची. वाचक असले की छापलं जातं. वाचक पहिलीत घडतो.

त्या सहावीतल्या मुलाकडे परत जाते. मी त्याला ब्रेल पाटी दिली. अकरा वर्षांची बोटं सहा वर्षांच्या बोटांइतकी लवकर शिकत नाहीत, त्याला फार कष्ट पडले. चार महिन्यांनी त्याने पहिल्यांदा पूर्ण वाक्य लिहिलं आणि दोन शब्दांमध्ये एक घर मोकळं सोडलं. बोट त्या मोकळ्या घरावर ठेवून तो कितीतरी वेळ बसला होता. मग त्याला लिहिण्याचा नादच लागला. शेळीबद्दल, आजोबांबद्दल, गावच्या जत्रेतल्या आवाजांबद्दल तो लिहायचा.

पुढच्या वर्षी माझा भाग बदलला. त्या तालुक्यात माझ्या जागी आलेल्या शिक्षिका चांगल्या आहेत, कामसू आहेत, त्यांचं शिक्षण कर्णबधिर मुलांचं आहे. मुलगा आता आठवीत आहे. मराठीच्या वह्या तो अजून ब्रेलमध्ये लिहितो आणि वर्गशिक्षक शेवटच्या पानावर, न वाचता, तारीख घालून सही करतात. मी महिन्यातून एका रविवारी जाते तेव्हा त्याची आई वह्यांचा गठ्ठा काढून ठेवते. मागच्या खेपेला त्याने 'दीन' लिहिलं होतं, 'दिन' लिहायचं होतं. दोन महिन्यांपूर्वीची चूक होती, आणि तेवढ्या काळात त्याने ती एकोणीस वेळा केली होती.